वगाचे सोवळे आणि प्रौढांचा खेळ

१

प्रौढांसाठी म्हणून जे खेळ संगणकावर किंवा मोबाइलवर खेळले जातात, त्यांत कथा महत्त्वाची की प्रत्यक्ष खेळणे, असा एक वाद खेळणाऱ्यांत आणि खेळांवर लिहिणाऱ्यांत चालू असतो. एक पक्ष म्हणतो, कथेत जीव असेल तरच त्यातल्या शृंगाराला आणि हिंसेला अर्थ आहे. एरवी ती निव्वळ चाळवणूक. दुसरा पक्ष म्हणतो, कथा हवी असेल त्याने कादंबरी वाचावी. खेळ हा खेळण्यासाठी असतो. मराठीच्या अध्यापकांनी या वादात पडू नये, असे आमच्या काही सहकाऱ्यांना वाटते. एक तर विषय 'तसला', आणि त्यातून तो वाङ्मयाचा नव्हे!

आमचे म्हणणे नेमके उलट आहे. हा वाद मराठीला मुळीच नवा नाही. तमाशाच्या निमित्ताने आपण तो पाऊणशे वर्षांहून अधिक काळ घालत आलो आहोत, आणि त्याचा निकाल सातत्याने चुकीच्या बाजूने देत आलो आहोत. त्या निकालाची किंमत आपण मोजली नाही. ती फडातल्या कलावतींनी मोजली. म्हणून मोबाइलवरच्या खेळांविषयी मत देण्यापूर्वी आपल्या घरचा हा जुना खटला पुन्हा उघडावा लागेल.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत नाटकाचा 'खेळ' लागतो, तमाशाचा 'खेळ' होतो, सिनेमाचे सुद्धा पहिला खेळ, दुसरा खेळ असे मोजमाप असते. भाषेने ही खूण फार पूर्वीच करून ठेवली आहे: लोकांसमोर जे घडते ते खेळले जाते, नुसते सांगितले जात नाही. खेळणे म्हणजे काय, हेही येथेच स्पष्ट करतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. कोण खेळी करतो, कोणत्या नियमाने करतो, ज्याच्यावर ती खेळी होते त्याला उत्तर द्यायला जागा आहे की नाही, आणि खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या सगळ्याला मिळून आम्ही 'खेळणे' म्हणतो. प्रौढ विषयाच्या कोणत्याही खेळाचा वाङ्मयीन आणि नैतिक, असा दोन्ही प्रकारचा निवाडा या चार गोष्टींवरून होतो, कथेवरून होत नाही, हे आमचे प्रतिपादन आहे. कथा ही पुष्कळदा केवळ सोवळे असते. ते नेसले की आतले काय आहे हे कोणी विचारीत नाही.

२

आम्ही ज्या वाशीम जिल्ह्यात शिकवतो, त्या भूमीला या प्रश्नावर बोलण्याचा विशेष अधिकार आहे, असे आम्ही थोड्या अभिमानाने म्हणतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या आरंभीचा राजशेखर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाची गोष्ट सांगतो. सरस्वतीचा हा पुत्र देशोदेशी भटकतो आणि त्याला वश करण्यासाठी गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग जाते. प्रदेशागणिक तिचा वेश बदलतो, नृत्यगीताची तऱ्हा बदलते, बोलण्याची रीत बदलते. आरंभी तो ढिम्म असतो. हळूहळू वश होतो. आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो. या नगराला राजशेखर मदनाचे क्रीडास्थान म्हणतो.

आमच्या गावाचा हा उल्लेख सभासमारंभांत अभिमानाने सांगितला जातो. त्यातली मेख मात्र सांगितली जात नाही. साहित्यविद्येने काव्यपुरुषाला कथा सांगून जिंकलेले नाही. तिने वेश, विलास आणि वचन या तीन गोष्टींनी त्याला जिंकले आहे, आणि तेही एका खेपेत नव्हे, तर त्याच्या प्रत्येक प्रतिसादाकडे पाहून आपली रीत बदलत बदलत. ही एक खेळी आणि तिला उत्तर, अशी चाललेली क्रीडा आहे. शृंगार आणि साहित्य यांचे लग्न ज्या नगरात लागले, ते नगर कथेचे नव्हे, क्रीडेचे म्हणून नोंदले गेले आहे.

दुसरा पुरावा याहून पक्का आहे. वत्सगुल्मच्या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य लिहिले. पारिजातहरणाच्या कथेवरचे हे काव्य आज उपलब्ध नाही. इतरांच्या ग्रंथांतल्या अवतरणांतून तेवढे ते उरले आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त त्याचे नाव घेतले आहे, आणि ते कशासाठी? परंपरेने आलेली कथा रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ती बदलावी, नुसते कथानक शेवटास नेणे हे कवीचे काम नव्हे, ते इतिहासाचे काम आहे, या सिद्धांताचे उदाहरण म्हणून. कालिदासाच्या कृतींबरोबर त्याने वाशीमच्या राजाचे काव्य उभे केले आहे. रस आणि खेळ या एकच गोष्टी नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु कथा हे साध्य नव्हे, एवढा निर्णय तरी आपल्या साहित्यशास्त्राने अकराशे वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे, आणि तो देताना साक्षीला वाशीमला बोलावले आहे.

याच सर्वसेनाच्या नावावर 'गाथासप्तशती'तल्या काही गाथाही सांगितल्या जातात. गाथासप्तशती हा शृंगाराचा, म्हणजे आजच्या शिक्क्यानुसार 'प्रौढांसाठीचा' ग्रंथ. त्यात कथा नाही. सुटी सुटी गाथा, दोन ओळींची. पण ती वाचताना वाचकाला गप्प बसता येत नाही. हे कोण बोलते आहे? सखी की दूती? ऐकणारा कोण, आणि आडून ऐकणारा कोण? टीकाकारांनी प्रत्येक गाथेच्या आधी प्रसंग सुचवला आहे, आणि दोन टीकाकारांचे प्रसंग जुळतातच असे नाही. म्हणजे कथा आधी आणि मग आस्वाद, असा क्रमच येथे नाही. वाचक आपली खेळी करतो, आणि त्या खेळीतून कथा उत्पन्न होते. चतुर वाचक आणि भाबडा वाचक यांच्या हाती एकाच गाथेतून दोन वेगळ्या गोष्टी लागतात. प्रौढत्व विषयात नसते, ते वाचकाकडून मागितलेल्या या श्रमात असते.

३

आता तमाशाकडे येऊ. आम्ही सगळेच वर्गात फळ्यावर लिहितो: गण, गवळण, बतावणी, लावणी, वग. आणि मग शिकवतो काय? वग. कारण वगाला कथानक आहे, पात्रे आहेत, संघर्ष आहे, आशय आहे. प्रश्नपत्रिकेत त्यावर प्रश्न काढता येतो. वगाच्या आधीचे सगळे म्हणजे जणू मांडवाचे दार. कथेच्या देवळात शिरण्यापूर्वीची चपला काढण्याची जागा.

इतिहास याच्या उलट आहे. होनाजी बाळा, रामजोशी, अनंत फंदी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर या शाहिरांच्या लावण्यांवर तमाशा उभा राहिला, वाढला, पेशवाई बुडाल्यावरही टिकला. पहिला वग म्हणून सावळजच्या उमा-बाबू यांच्या 'मोहना बटाव'चे नाव घेतले जाते, आणि तो काळ १८६५ च्या आसपासचा. म्हणजे कथा तमाशात आली ती बऱ्याच उशिरा, पाहुणी म्हणून. तोवर रात्रभर माणसे काय पाहत होती? तर खेळ. सवाल आणि जवाब. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. एका फडाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते त्याच रात्री, त्याच चालीत, लोकांसमोर सोडवायचे. न सुटले तर हार. ह्या सामन्यात नियम आहेत, डाव आहे, पंच म्हणून बसलेला समाज आहे, आणि हरण्याची खरी धास्ती आहे. याला खेळ म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

बतावणीचेही तसेच. सोंगाड्या आणि सरदार यांच्यातली ती शब्दांची झटापट कोणत्याही वहीत नसते. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' ज्या उत्स्फूर्ततेसाठी ओळखले गेले, ती कथेत नव्हती. कथा एका वाक्यात सांगून संपते. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ची छापील प्रत विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. ते पाने उलटतात आणि विचारतात, हसायचे कोठे? त्यांचे चुकत नाही. दादा कोंडके हवालदार होऊन उभे राहत, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, समोरच्या रांगेतला माणूस, त्या गावातली भानगड यांना हाताशी धरून जे करीत, ते छापता येण्यासारखे नव्हते. कथा होती तेवढी छापली गेली. द्व्यर्थ हा सुद्धा असाच खेळ आहे: बोलणारा अर्धा अर्थ बोलतो, उरलेला ऐकणारा जुळवतो, आणि मग हसण्याच्या पापात दोघे सामील होतात.

हे सगळे डोळ्यांसमोर असताना शिष्ट मराठी समाजाने तमाशाचा निवाडा कसा केला? स्वातंत्र्यानंतर लगेचच, मुंबई राज्याचे सरकार बाळासाहेब खेरांच्या हाती असताना, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. तो १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तोवर तमाशाची 'सुधारणा' होऊन गेली होती. समिती नेमली गेली, अटी ठरल्या आणि तमाशा पुन्हा उभा राहिला तो संहिता आधी दाखवण्याच्या बोलीवर. १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. मंडळ काय वाचणार? वहीत असेल ते. वहीत काय असणार? वग. ज्या खेळाचा प्राण वहीबाहेर आहे, त्याची शुद्धाशुद्धता वही पाहून ठरवायची! वग सात्त्विक असला, शेवटी सत्याचा जय झाला, की खेळ शुद्ध. पुढे याच सोवळ्याचे नामकरण झाले 'लोकनाट्य', आणि ज्या घरांत तमाशाचे नाव घेणे वर्ज्य होते, ती घरे सहकुटुंब लोकनाट्याला जाऊ लागली.

या निवाड्यात एक मोठा अन्याय दडलेला आहे. वग लिहिणारे बहुतांशी पुरुष. लावणी उभी करणाऱ्या, अदाकारी करणाऱ्या स्त्रिया, आणि त्या कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतून आलेल्या. कथा श्रेष्ठ आणि खेळ कनिष्ठ असा क्रम लावला की श्रेय आपोआप वग लिहिणाऱ्याकडे जाते आणि अश्लीलतेचा आळ नाचणारीकडे. वाङ्मयीन अभिरुचीचा म्हणून मांडलेला हा क्रम जातीचा आणि लिंगाचाही क्रम आहे. तो आपण वर्गात फळ्यावर रोज लिहितो.

४

खेळ पाहायचा म्हणजे काय पाहायचे, हे उदाहरणांनीच सांगितले पाहिजे.

बैठकीची लावणी घ्या. यमुनाबाई वाईकर (१९१५ ते २०१८) यांच्यासारख्या कलावतीने ही परंपरा शेवटपर्यंत सांभाळली. गाणारी बसलेली असते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते, आणि प्रत्येक खेपेस डोळा, भिवई, बोट, मान यांच्या वेगळ्या जुळणीने तिचा वेगळा अर्थ करते. कथा पुढे सरकत नाही. किंबहुना सरकू नये हीच अट आहे. समोरच्या रसिकाने ओळखायचे असते की या वेळी रुसवा आहे, आता आर्जव आहे, आता टोमणा आहे. न ओळखता मध्येच दाद देणारा माणूस हरतो, आणि तो हरला हे सगळ्या बैठकीला कळते. येथे शृंगार आहे, उघड आहे, पण त्यात स्त्री ही केवळ पाहिली जाणारी वस्तू नाही. डाव तिच्या हाती आहे.

आता दौलतजादा घ्या. प्रेक्षक पैसा पुढे करतो, फर्माईश करतो. ती घेते, नाव घेते, कधी त्या नावालाच चिमटा काढते. ही प्रेक्षकाची खेळी आणि तिचे उत्तर. पण त्याच दौलतजाद्यात उत्तर देण्याची जागा काढून घ्या, म्हणजे पैसा देणाऱ्याने हात धरावा आणि तिला तो सोडवता येऊ नये, की त्याच तंबूत, त्याच लावणीवर, त्याच वगाच्या आधी, खेळाची जबरदस्ती होते. वग बदललेला नाही. गीत बदललेले नाही. नियम बदलला, आणि सगळे बदलले.

विठाबाई नारायणगावकरांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे: भरल्या दिवसांत बोर्डावर उभ्या होत्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा खेळाला उभ्या राहिल्या, असे सांगतात. आपण ती कलानिष्ठेची कथा म्हणून सांगतो आणि गहिवरतो. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचित सांगितला जातो: लोकांच्या लक्षात आले, आणि लोकांनीच खेळ थांबवायला लावला. आम्हाला तो उत्तरार्ध महत्त्वाचा वाटतो. तिला थांबता येत नव्हते. थांबवता येत होते ते प्रेक्षकाला. त्या एका गोष्टीत तमाशाच्या अर्थव्यवस्थेचे सगळे नियम दिसतात. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या ह्या कलावतीचे शेवटचे दिवस २००२ मध्ये हलाखीत संपले, हेही त्याच नियमांचे फळ.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात ते नियम तंबूबाहेर कसे चालतात हे दिसते. नाचणारीला कोणी मालक मिळाला की नाच सुटतो, त्याने सोडले की पुन्हा बोर्ड; मूल कोणाचे हे विचारायचे नाही, पोट मात्र तिच्या पायांवर. आपण हे पुस्तक 'वेदनेची कथा' म्हणून शिकवतो. ते नियमांचे पुस्तक म्हणून शिकवले तर वर्गातली सहानुभूती थोडी कमी होईल, समज मात्र वाढेल.

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२२-२३ पासून, ध्वनिमुद्रित गाण्यावर, डीजेच्या आवाजात होणाऱ्या लावणीवरून महाराष्ट्रात बरेच रण माजले. आक्षेप घेणारे म्हणाले, यात परंपरा नाही, कथा नाही, हावभाव अश्लील आहेत. कथा नाही, हा आक्षेप हास्यास्पद आहे. संगीत बारीतही कथा नव्हती. खरा आक्षेप कोणी घेतला नाही. मुद्रित गाणे थांबत नाही. ते ओळ पुन्हा घेत नाही, समोरच्याच्या शिट्टीला उत्तर देत नाही, ढोलकीवाल्याला खूण करून लय बदलता येत नाही. प्रेक्षकाची खेळी तेवढी उरली, नाचणारीची गेली. त्यात दोष नाचणाऱ्या मुलीचा नाही. तिच्या हातातून डाव काढून घेऊन तिलाच निर्लज्ज म्हणणे, हे मात्र आपल्या जुन्या सोवळ्याला साजेसेच झाले.

५

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. अण्णा भाऊ साठ्यांचे काय? त्यांनी तर वगाचा आशय बदलूनच तमाशाला नवे सामर्थ्य दिले. १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकातून गिरणगावात जे लोकनाट्य गेले, ते कथेच्या बळावर गेले. मग कथा गौण कशी?

अण्णा भाऊंनी काय केले ते नीट पाहावे. त्यांनी जुन्या चौकटीत नुसता नवा वग बसवला नाही. त्यांनी गणात देवाऐवजी मातृभूमीला आणि श्रमणाऱ्यांना वंदन केले, गवळण वगळली. म्हणजे वंदन कोणी कोणाला करायचे, वाट कोणी कोणाची अडवायची, हे खेळाचे मूळ नियमच त्यांनी बदलले. कथा नवी झाली ती त्या नियमांच्या मागोमाग. सरकारी सुधारणेने नियम तसेच ठेवून कथा धुतली. अण्णा भाऊंनी नियमांना हात घातला. दोहोंना 'तमाशाची सुधारणा' या एकाच मथळ्याखाली शिकवणे हा आळस आहे. आमचे म्हणणे कथा निरुपयोगी आहे असे नाही. कथा खरी ठरते ती खेळाने तिला साथ दिली तर, आणि खेळ खोटा असेल तर कोणतीही कथा त्याला वाचवू शकत नाही, एवढेच आम्ही म्हणतो.

६

दुसऱ्या पक्षालाही मोकळे सोडता येणार नाही. 'खेळच तर आहे, एवढे काय मनावर घ्यायचे?' असे म्हणणारा हा पक्ष आमच्या बाजूचा वाटेल, तो नाही. या वाक्याचे संपूर्ण उत्तर मराठी रंगभूमीने १९६७ मध्येच दिले आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये हौशी नटमंडळी वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात. आरोप खोटा, न्यायाधीश खोटा, साक्षी खोट्या. फक्त लीला बेणारेला दिलेली आरोपीची जागा खरी निघते. भ्रूणहत्येचा लुटुपुटीचा खटला तिच्या खऱ्या गर्भावर येऊन थांबतो. त्या मंडळींजवळ 'हा तर खेळ' ही सबब अखेरपर्यंत आहे, आणि तीच त्यांचे हत्यार आहे. नाटकाचे मर्म बेणारेच्या पूर्वायुष्याच्या कथेत आहे असे मार्गदर्शिका सांगतात. आम्हाला ते खेळाच्या रचनेत दिसते: ज्याला आरोपी ठरवले त्याने बोलायचे नाही, दार बाहेरून लागलेले, आणि खेळ थांबवण्याचा अधिकार आरोपीखेरीज सर्वांकडे. खेळ हा नुसता खेळ कधीच नसतो, कारण त्यात जागा वाटलेल्या असतात.

आता संगणकावरचे खेळ या कसोटीला लावून पाहू. पाश्चात्त्य विद्यापीठांत या विषयावर मोठी चर्चा झाली आहे. १९९७ या एकाच वर्षी जॅनेट मरे यांनी संगणकाकडे कथनाचे नवे माध्यम म्हणून पाहिले आणि एस्पेन आर्सेथ यांनी वाचकाला श्रम करायला लावणारी संहिता ही वेगळीच जात आहे असे मांडले. पुढे कथावादी आणि क्रीडावादी असे तट पडले. गाथासप्तशती वाचलेल्या माणसाला त्या भांडणात अपरिचित असे फार काही सापडणार नाही.

१९८२ मध्ये अमेरिकेत 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा एक 'प्रौढांचा' खेळ विक्रीस आला. खेळणाऱ्याने बाण चुकवत पलीकडे जायचे आणि बांधून ठेवलेल्या आदिवासी स्त्रीवर अत्याचार करायचा. त्याचेच गुण मिळायचे. स्त्रीसंघटनांनी आणि तिथल्या मूलनिवासी समाजाने निषेध केला तो योग्यच होता. या खेळाला थोर इतिहासकथा जोडली असती, शेवटी पश्चात्तापाचा प्रसंग घातला असता, तर तो सुधारला असता काय? खेळणाऱ्याच्या बोटाने जे करायचे आहे ते तसेच राहिले असते. तिला उत्तर देण्याची जागाच त्या रचनेत नव्हती.

उलट २०१३ चा 'पेपर्स, प्लीज' पाहा. खेळणारा एका कल्पित हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा कारकून आहे. दिवसभरात जितक्या माणसांची कागदपत्रे तपासावी तितका पगार. पगार कमी पडला तर घरची माणसे उपाशी. संशय आला की एक बटण दाबून समोरच्या माणसाचे नग्न चित्र यंत्रातून काढता येते. नग्नता आहे, म्हणून विषय प्रौढ. पण बटण दाबणारे बोट आपले असते, आणि घाईत, पगारासाठी, आपण ते दाबतो. त्यात सांगण्याजोगी कथा थोडी आहे. सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला बसल्यावर माणूस कसा होतो, हे मात्र त्या एका बटणाने जेवढे कळते तेवढे अनेक कथांनी कळत नाही.

आम्हाला येथे कोणी विचारील, की समोरची स्त्री, समोरचा माणूस तर चित्रातला. त्याला उत्तराची जागा असली काय आणि नसली काय? अशा खेळांमुळे गुन्हे वाढतात असा दावा आम्ही करीत नाही. तो आमचा प्रांत नव्हे. आमचा प्रश्न वाङ्मयाचा आहे. बेणारेही कल्पितच होती. रचनाकाराने कल्पित माणसाला उत्तर दिले की नाही, एवढ्यावरूनच आपण कादंबरीकाराची आणि नाटककाराची प्रतवारी करतो. खेळ रचणाऱ्याला वेगळा न्याय का द्यावा?

आणि सोवळे येथेही आहेच. जुलै २०२५ मध्ये पैशांचे व्यवहार पाहणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे 'स्टीम'ने प्रौढ विषयांचे अनेक खेळ काढून टाकले, तर 'इच' या दुकानाने असे खेळ सरसकट शोधयादीतून वगळले. खेळून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. शिक्का पाहून निकाल झाला. त्यात ओंगळ खेळही गेले, आणि शरीर, लैंगिकता यांविषयी गंभीरपणे बोलू पाहणारे छोटे प्रयत्नही गेले. वही पाहून तमाशा तपासणारे मंडळ आणि शिक्का पाहून खेळ काढणारी कंपनी यांच्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही खेळ पाहायचा नाही; दोघांना स्वतःचे हात स्वच्छ ठेवायचे आहेत.

७

म्हणून आमचे सांगणे मराठीच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आहे. तमाशा शिकवताना वगाचे कथानक लिहून देणे थांबवावे. त्याऐवजी एक लावणी घ्यावी, आणि तिच्यात कोण कोणाला काय करायला लावते हे विचारावे. कलगीतुऱ्याचा एक सामना घ्यावा आणि त्याचे नियम विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावेत. आपल्या भागात आजही जत्रेला बोर्ड लागतो. तेथे जाऊन वगाची गोष्ट टिपून आणणाऱ्यापेक्षा, फर्माईश कोण करतो, नाही कोण म्हणू शकते आणि पैसे शेवटी कोणाच्या हाती जातात हे टिपून आणणाऱ्याला अधिक गुण द्यावेत. ज्या कलावतींनी हे सगळे उभे केले, त्यांची नावे आपल्या पाठ्यक्रमात वगलेखकांच्या बरोबरीने यावीत. तळटीप म्हणून नव्हे.

आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलमधल्या खेळांची किळस करून वर्गाचे दार लावून घेऊ नये. वाशीमच्या मुलालाही ते खेळ मिळतात, तो ते खेळतो, आणि त्याविषयी त्याच्याशी कोणी बोलत नाही. त्याने जर म्हटले, 'सर, त्याची स्टोरी फार चांगली आहे', तर तेवढ्यावर समाधान मानू नये. त्याने जर म्हटले, 'मॅडम, गेमच तर आहे', तरी तेवढ्यावर सोडू नये. दोघांना तोच प्रश्न विचारावा: त्यात तू काय करतोस, कोणावर करतोस, तिला काही करता येते का, आणि तुला थांबता येते का? हा प्रश्न विचारणारा अध्यापक समीक्षाच शिकवीत असतो. 'प्रौढ' हा शिक्का खेळाच्या वेष्टनावर असतो. प्रौढत्व मात्र या प्रश्नाचे उत्तर देण्यात असते, आणि ते अठरा वर्षे पूर्ण झाल्याने आपोआप येत नाही. ते शिकवावे लागते, आणि ते शिकवण्याची जागा मराठीच्या वर्गाइतकी योग्य दुसरी आम्हाला दिसत नाही.